शेरा

वणा नदीच्या अलीकडच्या आमच्या गावात
एकतीस वर्षं मी अंगणवाडीची पोरं तोलली.
झोळीच्या काट्याला टांगली,
दंडाला पट्टी लावली,
हिरव्या रेघेवर, पिवळ्या रेघेवर, लाल रेघेच्या खाली
पेनानं ठिपके दिले.
मग नात झाली,
ती कोणत्याच रेघेवर बसेना.

सावंगीच्या दवाखान्यात
नर्सनं ओंजळीत दिली तेव्हाच
मी तिची मूठ उघडून पाहिली.
तळहातावर आडवी एकच रेघ,
या काठापासून त्या काठापर्यंत.
पायाच्या अंगठ्याशेजारी फट,
चपलेच्या पट्ट्यासाठी जागा सोडल्यासारखी.
बोलले नाही कोणाला.
सुनेला म्हटलं, मेथीचे लाडू आणते.
रिपोर्ट यायला अठरा दिवस लागले.
ते अठरा दिवस मी एकटीच जाणत होते.

नाव उत्पला. मीच ठेवलं.
तिला त्यातलं शेवटचं तेवढंच जमतं.
कोणी नाव विचारलं की छाती काढून
ओरडते, "पला!"
आणि किराण्यापुढची पोट्टी खरंच पळत सुटतात,
मागून ही, हसत, एका चपलेनं.

हृदयाचं भोक बुजलं, शिवण राहिली.
चालायला तिसरं सरलं.
बाया म्हणतात, देवाचं लेकरू आहे हो.
नाही हो.
देवाचं लेकरू शेजारच्या कोंबडीला आंघोळ घालत नाही,
गुळाचा खडा गालात दाबून
खाल्लाच नाही अशी मान हलवत नाही.
रात्री माझ्या पोटावर पाय टाकून घोरते
आणि मी आढ्याकडे पाहत मांडते:
मी सदुसष्ट, ही सहा,
ही तिशीला येईल तेव्हा मी
आणि तिथंच कूस बदलते.

सांगायचं ते वेगळंच आहे.
चौऱ्याण्णव साली पंचफुलाचा गुलाब.
तेच डोळे, तीच जड जीभ,
तोच हात, मी पाहिला होता.
रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात, जिथं शेरा लिहितात,
मी लिहिलं, मंद.
शाई वाळायच्या आत खालचं नाव घेतलं.
तो दुसऱ्यांच्या ताटल्या ओढायचा,
म्हणून त्याची आजी त्याला घेऊन
दाराबाहेर लिंबाखाली बसायची.
खिचडी बाहेर जायची.
आत आम्ही बडबडगीत म्हणायचो,
आजी तिथून ऐकायची,
त्याचे हात आपल्या हातात धरून
टाळ्या वाजवून घ्यायची.
आत या, हे दोन शब्द
माझ्या तोंडून एकदाही निघाले नाहीत.
गुलाब अकराव्या वर्षी गेला.
भोक त्याच्याही छातीत असेल,
कोणी कान लावून पाहिलं नाही.

परवा उत्पलाचं बोट धरून पंचफुलाकडे गेले.
काय बोलायचं ते वाटेत तीनदा जुळवलं.
ती अंगणात तूर पाखडत होती.
पोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
म्हणाली, "बसा, बाई."
अजून बाईच म्हणते मला.
मी तोंड उघडणार,
तोच उत्पलानं सूप उपडं केलं.
तूर तुळशीपासून न्हाणीपर्यंत.
मी तिला ओढायला गेले तर पंचफुला म्हणे,
"राहू द्या नं.
माह्यावालाही असाच सांडे."

मग पोरगी फतकल मारून बसली.
एक दाणा चिमटीत धरायला किती वेळ,
दोन दाणे धरायला त्याच्या दुप्पट नाही, चौपट.
उठली, पंचफुलाच्या पदरात टाकला.
दुसरा नेला, तोंडाशी धरून विचारलं,
"हा?"
"हा बी," पंचफुला म्हणाली.
एक माझ्याकडे आणला, मातीसकट. "हा?"
"हा बी," मी म्हटलं.

दिवेलागण झाली.
अर्धीअधिक तूर अंगणातच होती.
मी जे बोलायला गेले होते ते बोलले नाही,
आणि आम्हा दोघींपैकी कोणीही
खराटा आणायला उठलं नाही.