खोल तुकडा

काचेच्या दोन पट्ट्या आज एकाच खोक्यातून आल्या,
पोर्ट मोर्स्बीच्या दमट उकाड्यात लेबलं सुटत आलेली.
एकीवर नाव गेउआ, पाण्यातल्या खांबांवरच्या वस्तीतली.
दुसरीवर हितोलो, तिचा धाकटा दीर,
होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो.

गेउआचा गाल मी ओसरीवर पाहिला होता.
आतून फ्लॉवरचा गड्डा उगवावा तसा
पांढरा, खरबरीत, ओठ मिटू न देणारा.
नातवंडं लांब बसत.
आमच्याकडे लग्नाची सुपारी फुटते ती खरंच फुटते,
दातांखाली, घडच्या घड,
आणि त्या दिवसापासून नागवेलीचा हिरवा तुरा चुन्यात बुडवून
तिने तो गालाच्या त्याच कोपऱ्यात टेकवला.
चुना टेकला तिथेच हे उगवलं,
पत्ता विचारत आल्यासारखं.

हितोलोचं काही दिसतच नव्हतं.
जिभेखाली मसुराएवढी जखम.
माशाचा काटा लागला, म्हणाला,
आणि हसला, लालभडक.

तिचे पहिले दोन तुकडे मी परत पाठवले होते.
वरवरचे होते. वरवर ती निरोगीच,
पेशी शहाण्या, प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरींसारख्या.
चिठ्ठीवर लिहिलं : खोल तुकडा पाठवा.
सर्जन चिडला.
ती मात्र तिसऱ्यांदा आ करून बसली, असं नर्स सांगत होती.

आता दिसतंय.
रुंद, बोथट मुळं, सगळी एकाच पातळीला थांबलेली,
तिच्या घराचे खांब चिखलात थांबतात तशी.
ढकलतात. घुसत नाहीत.
चामखिळीच्या वळणाचा हा कर्करोग, क्वचितच भेटणारा.
नीट, पुरता कापला
तर सहसा गळ्याच्या गाठींपर्यंत जात नाही.
सहसा. हा शब्द मी दोनदा खोडला, तिसऱ्यांदा ठेवला.

मग हितोलोची काच.
निळं. नुसतं निळं.
गच्च दाटीने पेशी, आणि प्रत्येक बेटाच्या मधोमध
मेलेल्यांचा एक गुलाबी ढिगारा.
बेसलॉइड. हाही क्वचितच भेटणारा.
पुस्तकात याला अर्धं पान.
मोठ्या रोगाच्या माणसांना निदान गर्दी असते,
इतक्या शेकड्यांतले इतके, असं काही सांगता येतं.
याच्यासाठी मी अर्ध्या पानातली माणसं बोटांवर मोजली
आणि कितवा हा, ते मोजायचं टाळलं.

बाहेर दोघं एकाच बाकावर.
तिने गालावर टॉवेल धरलेला,
त्याने तिची पिशवी मांडीवर घेतलेली.
मला पाहून उठला, बाजूला आला, आवाज खाली :
"भावजयीचं वाईट आहे ना?
तिला आधी मला सांगू दे."

मी दोन्ही पाकिटं धरून उभी होते.
माझी जीभ माझ्याच गालाच्या आत
हळूहळू कोपरे तपासत होती.