थंड भाडं

कोपरखैरण्यात, सेक्टर पंधराच्या नाक्यावर
झेरॉक्सवाल्याच्या दुकानात अर्धं टेबल माझं.
अंगठ्याचं मशीन, कॅमेरा आणि पाटी :
भाडेकरार घरपोच करून मिळेल.
एकोणीस वर्षं झाली.
‘बिनव्याजी, परत करण्याच्या अटीवर’
हे माझी बोटं झोपेतही टाइप करतील.
कलम नऊ : भिंतीला खिळा ठोकू नये.

काल रात्री ऋजुताचा करार आला
लाइपझिगहून, अठरा पानं.
अक्षर कळेना.
सवयीनं पानं उलटत गेले,
सहीची जागा तेवढी ओळखू आली.

आई, इथं भाडं दोन तऱ्हेचं, ती म्हणाली,
थंड आणि गरम.
थंड म्हणजे नुसत्या भिंतींचं.
गरम म्हणजे पाणी, हीटर, जिन्याची झाडलोट.
अनामत तीन थंड भाड्यांची.
आणि ठेवतो कुठं ती मालक?
वेगळ्या खात्यात म्हणे. व्याजासकट परत.
व्याजासकट!
मला हसूच आलं.
घणसोलीतल्या आमच्या सुर्वेअण्णांनी
फडताळाच्या चार खिळ्यांचे आठ हजार कापले होते,
खिळ्यामागे दोन हजार,
आणि खिळेही ठेवून घेतले.

करार वकिलाला दाखवते, म्हणाली.
एकशे नव्वद युरो, नुसतं वाचायचे.
मी मनात गुणाकार केला, मग पुन्हा केला.
तेवढ्यात माझे नऊ-दहा करार होतात,
अंगठे, चलन, पोलिसांचा फॉर्म धरून.
आणि वाचून?
वाचून कुणी मागतच नाही.
सही कुठं, एवढंच विचारतात.

सकाळी बँकेत एफडी मोडली.
परदेशी पैसे धाडायच्या फॉर्मात कारणाचा रकाना.
म्हटलं, अनामत लिहा.
काउंटरवरचा मुलगा यादी वर-खाली करत राहिला.
अनामत नाही यात, मॅडम. शिक्षण टाकू?
टाका.
शिक्षणच ते.

दुपारी बोनकोड्यात करार होता.
मालक खंदारे, भाडेकरू सिल्चरची मुलगी,
बाविशीची, मराठी नाही, हिंदी बेताची.
सही कुठं, तिनंही तेच विचारलं.
थांब, म्हटलं,
आणि माझाच करार पहिल्यांदा मोठ्यानं वाचला,
मोडक्या हिंदीत, कलमामागून कलम.
नवव्यापाशी अडखळले.
समोरच्या भिंतीत सहा भोकं होती,
मागच्या भाडेकरूची.
असू द्या हो, खंदारे म्हणाले.
असू द्या कसं? लिहू द्या.
चहावर साय धरली.
मग ते म्हणाले, लिहा बाई, आणि अंगठा ठेवला.
तर अंगठा लागेना.
उभा जन्म रबाळ्याच्या केमिकल कंपनीत,
रेषा ॲसिडनं नेलेल्या.
मशीन म्हणे, पुन्हा. पुन्हा. पुन्हा.
ते पँटला अंगठा पुसत राहिले,
चूक त्यांचीच असल्यासारखे.
शेवटी करंगळी चालली.
फी मी पूर्ण घेतली, दोन हजार.
त्यात काही सोडलं नाही.

लाइपझिगच्या वकिलाचेही पाठवले.
वाचायचं त्यानं वाचावं.
भोकं मोजायला वकील येत नाही,
ते माझ्याकडे.

किल्ली मिळाली त्या दिवशी
ऋजुता रिकाम्या खोलीत फोन धरून फिरली.
खिडकीबाहेर बर्फ पडत होता, तो दाखवायला लागली.
बर्फ राहू दे, म्हटलं, कोपरा दाखव.
दारामागं बघ. बेसिनच्या वर. अजून वर.
इथं साडेबारा वाजून गेलेले,
खाली वॉचमन गेटची साखळी ओढत होता.
जुन्या चलनाच्या पाठीवर मी लिहीत गेले :
सात भोकं, एक तडा,
हीटरमागं पिवळा डाग, तळहाताएवढा.
आई, इथं एक खिळा राहिलाय गं कुणाचा तरी,
काढू?

राहू दे.
तारखेसकट फोटो काढ त्याचा.
मग टांग काय टांगायचं ते.