गाडीचे पुढचे पाय

गिरणारे ते गंगापूर रोड, एकवीस गतिरोधक.
मी मोजलेत. त्यांतले दोन तर कुणी रात्रीत घातलेले,
पांढरा पट्टासुद्धा नाही.
प्रत्येकावर गाडीचं नाक खाली जायचं, लोखंडावर लोखंड, ठण्ण,
आणि मागच्या थंड पेटीत
चाळीस माणसांचं रक्त हिंदकळायचं.

लॅबमधल्या वैदेही मॅडम नळी उजेडात धरायच्या.
फुटलंय रक्त. वरचं पाणी बघ, गुलाबी.
पिवळं हवं. पोटॅशियम खोटं येईल. परत आण.

परत म्हणजे केरू महाले.
नर्सरीवर रखवालदार, मूत्रपिंडं थकलेली,
शिरा अशा की सुई बघूनच आत सरकतात.
तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो रागावला नाही.
बाही वर केली, म्हणाला,
पुन्हा?

त्या एका शब्दावर मी वडाळा नाक्याला गाडी वळवली.

इलियासभाईंनी विचारलं, वजन?
अठ्ठावन्न.
तुझं एकट्याचं नको. पेटी, बर्फ, जेवणाचा डबा, सगळं धर.
स्प्रिंगला खोटं सांगितलं की ती रस्त्यावर दाखवते.
बहात्तर झालं. रक्ताचं त्यांनी धरलं नाही.
मी मनात धरलं.

चाक निघालं. वरचं बूच सुटलं
तरी जुनी स्प्रिंग उसळली नाही,
रिटायर माणूस खुर्चीतून उठावा तशी वर आली.
नवीशेजारी ठेवली, पट्टी लावली. चौदा मिलिमीटर कमी.
एक लाख सहा हजार किलोमीटर,
दर हजाराला केसाएवढी बसत गेली
आणि वर बसलेल्या मला पत्ता नाही.

मग पाय उलटा करून तेल काढलं.
राखाडी, त्यात ॲल्युमिनियमची चकाकी,
वास मासळी बाजारातल्या दुपारचा.
मी सवयीनं बोलून गेलो, हे सॅम्पल चालणार नाही.
इलियासभाई इतके हसले की पाना हातातून पडला.

नवं तेल खोकल्याच्या औषधासारखं लाल.
ओतायचं आणि नळी वर-खाली, वर-खाली,
शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत, मग काठापासून
एकशे चाळीस मिलिमीटर, दोन्ही पायांत सारखं.
डाव्यात जास्त झालं.
ते चिंधी शोधत होते. मी खिशातून सिरिंज काढली,
दहा मिलीची, सीलबंद. पुढं सलाईनच्या नळीचा तुकडा जोडला,
मापावर धरला
आणि दट्ट्या मागं घेतला. हळू.
घाईनं ओढलं की पेशी फुटतात. तेलाला पेशी नसतात,
पण हाताला कोण सांगणार.

इलियासभाई वाकून बघत होते. हात चांगलाय तुझा, म्हणाले.
सुई टोचताना माणसं डोळे मिटतात किंवा भिंतीकडं बघतात.
हात कुणी बघत नाही.

पीव्हीसी पाइपाचा तुकडा स्प्रिंगवर ठेवून बूच आवळलं.
चोवीसशे झाले. मॅडम म्हणाल्या, गाडी तुझी ना?
असो.

दुसऱ्या दिवशी एकवीसच्या एकवीस.
नाक वाकायचं, उठायचं, आणि तिथंच थांबायचं.
मागचे शॉकअप अजून कुरकुरतात, त्यांचं दिवाळीनंतर बघू.
केरूची शीर दुसऱ्या टोचणीला सापडली.

दुपारी मॅडमनी नळी उजेडात धरली.
पिवळं. गव्हाच्या काडीसारखं.
त्या काही बोलल्या नाहीत, पुढची नळी उचलली.

तासाभरानं आकडा आला. सहा पूर्णांक आठ.
दोनदा लावून बघितला त्यांनी.
या वेळी खरा होता.

मी फोन लावला. पलीकडून केरू म्हणाला, पुन्हा?
नाही म्हटलं. सिव्हिलला जायचंय, आत्ता. कुठं आहात?
शेवग्यांना पाणी घालतोय.
थांबा तिथंच, म्हणालो,
आणि पेटीचे पट्टे सोडू लागलो.