काळजीवाहू

मेहेर सिग्नलच्या मागे, झेरॉक्सवाला आणि नोटरी यांच्या मधल्या
चार फुटांत माझं दुकान. रबरी शिक्के. तासाभरात.
एकोणतीस वर्षं अक्षरं उलटी कोरतोय,
त्यामुळे सरकार मला आधी उलटंच दिसतं.
सुलटं होतं ते कागदावर,
तेही शाई ओली आहे तोवर.

या श्रावणात धंदा असा चालला की लाज वाटावी.
सोमवारी एक शिपाई चिठ्ठी घेऊन आला:
पदाच्या आधी ‘काळजीवाहू’ घाला, ठळक.
बुधवारी दुसरा, दुसऱ्या गटाचा:
तेच पद, तोच जिल्हा, बहुधा कपाटही तेच,
फक्त ‘काळजीवाहू’ काढा.
नौशाद रबर कापता कापता पुटपुटला,
वाहतंय कोण, आणि शिक्का कुणाचा.

शुक्रवारी दोघे एकदमच आले,
एकमेकांकडे न बघता बाकावर बसले,
एकाच किटलीतला चहा प्यायले.
विचारलं, बिल कुणाच्या नावाने?
दोघेही म्हणाले, सध्या ठेवा.

सध्या.
हा शब्द कुणी कोरून मागत नाही, पण उमटतो सगळीकडे.
सातपूरच्या कारखान्यात सध्या दोनच पाळ्या,
मग एकच, मग गेटवर कागद.
प्रमिलाचं अंगणवाडीचं मानधन सध्या वर अडकलंय.
वर म्हणजे कुठे, तिने विचारलं.
मी बोट वर केलं. पंखा बंद होता.
घरात तेलाचा डबा यायचा, आता पिशवी येते,
आणि ती कापून, पालथी घालून, निथळेपर्यंत धरून ठेवायची.
नौशाद भद्रकालीतून चालत येतो,
रिक्षाचे वीस रुपये वाचवून. म्हणतो, पाय मोकळे होतात.
रबर महागलं, शाई महागली.
शिक्क्याचा भाव मी वाढवला नाही,
उधारीचा भाव वाढवून करायचं काय?

गोदेला पाणी सोडलंय.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, मांडीला लागलं,
लोक पुलावर उभं राहून मोजतायत.
एवढं एक माप आम्हाला आजवर पुरलं.
राजधानीतल्या पुराला असा मारुती नाही.
तिथे सगळेच दोन तोंडांचे,
पाणी कुठवर आलं कळायचं कसं?

परवा ठकूबाई गांगुर्डे आल्या, धोंडेगावच्या.
नवरा पालिकेत मुकादम होता, त्याची पेन्शन यांना,
आणि हयातीचा दाखला तीनदा परत आलेला.
पहिल्यांदा शिक्का जुना.
दुसऱ्यांदा शिक्का नवा, पण साहेबांचा अधिकार वादात.
तिसऱ्यांदा साहेबच नव्हते, खुर्चीवर टॉवेल होता.
“तूच मार रे एखादा,” म्हणाल्या,
“तुझ्याकडं तर सगळे हायेत.”

खरंच होते. नमुन्याच्या ट्रेमध्ये
दोन्ही सरकारं शेजारी शेजारी, तोंडं खाली करून.
मारावा, असं वाटलं. हात गेलाही.
मग आठवलं, आपण करतो, मारत नाही.
हाही एक कायदाच, बापाने घातलेला,
अजून त्याला कुणी स्थगिती आणलेली नाही.

म्हटलं, मावशी, थांबा थोडं. नवे आले की होईल.
“थांबते की,” त्या म्हणाल्या.
“पण थांबले व्हते, याचाबी दाखला लागंल ना?”

बोलता बोलता त्यांचा अंगठा पॅडवर टेकला,
सवयीने, कुणी न सांगता,
आणि माझ्या उधारीच्या वहीवर उमटला,
बरोबर दोन्ही शिपायांच्या नावांमध्ये.
उलटा की सुलटा,
एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मला ठरवता येईना.

त्यांनी बोट शटरला पुसलं,
गिरणाऱ्याच्या गाडीला पाच सुट्टे आहेत का विचारलं.
गल्ला उघडून बघितला.
नौशादच्या खिशात तीन निघाले.