पातळी

जेवणाच्या टेबलावर डॅन्यूब पसरली
तेव्हा मी भरताची वांगी भाजत होते.
नकाशाच्या कोपऱ्यांवर यांनी ठेवले
मिठाची बरणी, चष्म्याचं घर, बत्ता,
आणि चौथ्या कोपऱ्यावर स्वतःचं कोपर.
"पासाऊ ते बुडापेस्ट. सात रात्री.
केबिन खालचीच घेऊ, खिडकी पान्याले लागून.
स्वस्त बी पडते."

स्वस्त हे निमित्त.
एकतीस वर्षं या माणसानं तापीची पातळी लिहिली,
रोज सकाळी आठला, पुरात तासातासाला,
पुलाच्या खांबावर रंगवलेले आकडे वाचून,
निळ्या शाईत, दशांश चिन्हासकट.
आमच्या लग्नाच्या दिवसाचीही नोंद आहे,
पानावर हळदीचा अंगठा.
माझा वाढदिवस मात्र दरवर्षी सांगावा लागतो.

फंडाची एक पावती मोडली.
नणंद म्हणाली, "पानी पाहाले इतके पैसे?
हतनूरचे दरवाजे उघडतीन तवा जा नं, फुकट हाये."
मुंबईला काचेपलीकडच्या मुलीनं विचारलं, प्रवासाचं कारण?
"नदी," हे म्हणाले.
ती थांबली. मग तिनं पर्यटन लिहिलं.

रोज रात्री मोबाईलवर हे परक्या नदीची पातळी बघत
आणि भाकरी मोडता मोडता सांगत
शेजारच्या पोराचा ताप सांगावा तसं,
"आज अजून चार बोटं उतरली."
मी बिबडे भाजून डब्यात भरत होते.
बॅग साडेअठरा किलो. दोनदा मोजली.

बोट पांढरी होती, लांबलचक,
आणि तिच्यात कोणीही मला विचारत नव्हतं
संध्याकाळी भाजी काय करायची.
हातरुमालांचे हंस करून ठेवणारा मार्को
बिबडा खाऊन डोळे मिटून उभा राहिला.
द्राक्षांचे उतार गेले, घंटा वाजवत एक गाव गेलं.
जलद्वाराच्या कप्प्यात बोट लिफ्टसारखी खाली उतरली,
दोन्हीकडून शेवाळी भिंत वर वर चढली,
यांनी हात लांबवून ओली रेघ चाचपली.
"काल पानी इथलोक होतं."

चौथ्या दिवशी बोट थांबली.
पुढे पाणी पुरत नाही म्हणाले, उद्या बसनं जायचं.
एक ऑस्ट्रेलियन बाई रडली,
एका जोडप्यानं तक्रारीचा कागद मागितला.
सगळ्या बोटीत फक्त हे खूश.
वही घेऊन गेले खलाशाकडे, बोट ठेवलं आकड्यांवर,
खलाशानं कप्तानाला हाक मारली,
कप्तानानं यांना वर नेलं, आपलं रजिस्टर काढलं.
खालून दिसत होती दोन डोकी, एक टकलं, एक सोनेरी,
पानं उलटताना.
एकाला लेवा बोली येते, दुसऱ्याला जर्मन.
दीड तास झाला.

तो दीड तास माझा.
डेकवरच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसले,
दुसऱ्याच्या हातची कॉफी, दोन कप.
थांबलेल्या बोटीखालून नदी चालली होती
कोणासाठी न थांबता,
आणि मला कुठेही जायचं नव्हतं.
एवढ्यासाठी मी पुन्हा एक पावती मोडेन,
हे अजून यांना सांगितलेलं नाही.

परत आलो तेव्हा भादवा सरत होता.
भुसावळहून सावद्याला निघालो, पहाट होती,
हे मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलेले.
पुलाशी मी गाडी थांबवायला लावली.
तापी गढूळ, रुंद, काठ खात चाललेली.
यांच्याविना गेलेला तिचा पहिलाच पावसाळा.
उतारावर जाऊन जुन्या खांबावरचा आकडा वाचला,
यांची वही काढली,
आणि डॅन्यूबच्या खाली लिहिला.
दशांश चिन्हासकट.

दुसऱ्या दिवशी यांनी तो लाल शाईनं खोडला.
"लाट मोजलीस तू," म्हणाले,
"लाट नाही मोजत. दोन लाटांच्या मधलं मोजत असतात."
मग चहा घेतला,
आणि टेबलावर काय पसरायचं ते शोधू लागले.
बत्ता मी आधीच काढून ठेवला होता.