एक जून

आमच्या कंपनीत एक जूनला
संगणक अकरा जणांना केक पाठवतो.
चित्रातला केक, चित्रातल्या मेणबत्त्या.
लेबनानी मॅनेजरला वाटायचं
आमच्याकडची माणसं ठरवून एकाच दिवशी जन्मतात.
मी त्याला एकदा सांगितलं,
आमच्याकडे जन्म आई देते, तारीख मास्तर देतात.
तो हसला. मीही हसले.
त्या अकरांत मी नाही.
माझे वडील पोस्टात होते,
मी तारखेसकट जन्मले.

उस्मानगनी सरखोत. फोर्कलिफ्ट, गोदाम नंबर चार.
गाव दाभोळच्या खाडीत कुठेतरी,
मुक्काम शारजा, सजा इंडस्ट्रियल, खोलीत सहावी खाट.
पासपोर्टवर आज साठ.

बाहेर पत्रे तापलेत.
दुपारच्या कामबंदीला अजून पंधरवडा आहे.
माझ्या टेबलावर त्यांचा शेवटचा हिशेब:
अठ्ठावीस वर्षं आणि बेसिक.
बेसिक म्हणजे काय, हे मी नव्या पोरांना शिकवते.
पगारातला तो तुकडा,
जो आम्ही मुद्दाम लहान ठेवतो.
जेवणभत्ता, खोलीभत्ता, ओव्हरटाइम,
शेवटच्या पानावर सगळं गळून जातं.
मासळी वाळल्यावर उरते
तेवढं बेसिक.

खुर्ची दिली तरी ते उभेच राहिले.
बाय, म्हणाले, एक चूक हाय.
मी बेरीज पुन्हा केली.
आकड्यांत न्हाय. माझ्यात हाय.

आईनं शाळेत नेला तवा मी चार वर्षांचा.
घरी बघायला कोण नव्हतं,
ती कोळंबी सोलायला जायची.
मास्तर म्हणाले, सहा पुरी लागतात.
आई म्हणाली, मग लिवा सहा.
लिवली.
आयुष्यात फुकट मिळाली ती तेवढी दोन वर्सं.
आता तीच परत मागतायत.

मी धोरणाची फाइल उघडली.
साठीनंतर मुदतवाढ: पदवीधरांना, शिफारशीवर.
नवी बचत योजना: यंदा रुजू होणाऱ्यांना.
मोठ्याने वाचलं नाही.
त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून वाचलं,
सातवीपर्यंत शिकलेत ते.

तालुक्याला भाच्यानं विचारलंय, म्हणाले.
तिथल्या खिडकीवर पासष्ट लागतात.
म्हणजे हितं मी म्हातारा
आणि थितं अजून पाच वर्सं तरणा.
मधल्या पाचांत काय खायचं,
ते कुठल्या मास्तरांस विचारू?

माझी मुलगी इथल्याच इस्पितळात जन्मली.
पहाटे चार वाजून सतरा मिनिटं, दोन किलो नऊशे.
मनगटावरच्या पट्टीवर सगळं छापलेलं,
ती पट्टी मी अजून जपून ठेवलीय.
तिच्या शाळेची दोन वर्षांची फी
आणि सरखोतांचा शेवटचा आकडा
जवळजवळ सारखेच.
हे मला आजच दिसलं,
दोन्ही एकाच स्क्रीनवर उघडे होते म्हणून.
मी फीची खिडकी मिटवली.
कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी सही केली,
मास्तरांनी शिकवली तशी, शिरोरेघ आधी.
पाकीट खिशात ठेवलं, दारापर्यंत गेले,
परत आले.
तो केक छापून देशील? नातीला दाखवतो.

कलर प्रिंटरला मॅनेजरचा कोड लागतो.
मी काळापांढरा काढून दिला.
त्यांनी कागद लांब धरून
बोटाने मेणबत्त्या मोजल्या.
चार, म्हणाले.
ह्यो कागद खरा.