दाराची रुंदी

नकाशा पसरला तो मासळीच्या पाटीशेजारी,
चार कोपऱ्यांवर चार कांदे ठेवून.
किसुमूतलं न्यालेंडा. सांडपाण्याला इथे
माणसांआधी वाट सापडते.

मी सांगत होते : हे वाचनालय, हे संगणक,
हा जिना, ही गच्ची, वरून सरोवर दिसेल.
"सरोवर पाहिलंय आम्ही," म्हणाली अपोंदी,
हातातली मासळी निवडत.

मग बोट टेकवलं दारावर. बोटाला खवले.
"हे केवढं?"
"तीन फूट."
तिनं शेजारच्या सुताराला हाक मारली.
ओवूरनं फळ्यांमागून नवी शवपेटी ओढली,
दोघांनी खांद्यावर घेतली, रिकामीच,
आणि मी धुळीत आखलेल्या बोळातून वळू लागले.
कोपऱ्यावर अडली.

"गावी न्यायच्या आधी एक रात्र तरी
माणूस आपल्या लोकांत निजायला हवा.
ओचोलाला ठेवला टपरीच्या पत्र्याखाली.
रात्रभर गळत होतं."

कुणी बोललं नाही.
एका पोरानं पेटीत वाकून पाहिलं.

खोडरबर सापडेना. थुंकीनं बोट ओलं करून
मी ती भिंत पुसली. धड पुसली गेली नाही,
कागद तिथे अजून खरबरीत आहे.

आता इमारत उभी आहे.
संगणकांतले दोन चालतात.
दार दुपाखी, साडेपाच फुटांचं.
त्यातून शिवणयंत्रं आत आली, शाळेची पोरं,
एकदा अख्खं लग्न, ढोलांसकट,
आणि तिघेजण, खांद्यांवरून, न अडता.

किल्ली अपोंदीकडे असते.
कुलूप उघडलं की
हाताला मासळीचा वास येतो.